तारेवरचा आकडा : राऊटरच्या उघड्या पोर्टमागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/२२
वाय-फायचा पासवर्ड आज घरातल्या तिजोरीच्या किल्लीइतका जपला जातो. शेजाऱ्याला तो द्यावा की नाही, पाहुणे गेल्यावर बदलावा की नाही, यावर घरोघरी खल होतो. त्याच राऊटरच्या पाठीमागे मात्र तीन-चार चौकोनी पोर्ट उघडे असतात. त्यांपैकी एकात कोणीही तार खोचली की राऊटर नाव-गाव न विचारता त्या यंत्राला पत्ता बहाल करतो आणि घरचेच मानून आत घेतो. हवेतून येणाऱ्याला कुलूप आणि तारेतून येणाऱ्याला मोकळे दार! ही विसंगती आली कोठून? तिचे मूळ थेट तारायंत्राच्या काळात सापडते. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/२२
विजेच्या तारेवर 'आकडा टाकणे' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण विजेचा आकडा डोळ्यांना दिसतो आणि चोरलेली वीज कोणाच्या तरी हिशेबात तूट म्हणून उमटते. संदेशाच्या तारेवरचा आकडा याहून घातक. संदेश चोरला तरी मूळ संदेश ठरल्या जागी पोहोचतोच. मालकाचे काहीच कमी होत नाही, म्हणून चोरी झाल्याचे त्याला कळतही नाही. शिवाय चोर केवळ ऐकत नाही. मनात आणले तर त्याच तारेवरून दुसऱ्याच्या नावाने बोलूही शकतो. या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडल्या त्या युद्धात.

३/२२
जुलै १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. दक्षिणेकडील फौजांचा घोडदळ अधिकारी जॉन हंट मॉर्गन केंटकी राज्यात उत्तरेच्या सैन्यामागे घुसला होता. त्याच्या तुकडीत जॉर्ज एल्सवर्थ नावाचा तारबाबू होता. खिशात मावेल एवढे तारायंत्र घेऊन तो रेल्वेमार्गालगतच्या तारांना स्वतःची तार जोडी आणि शत्रूचे हुकूम ऐकत बसे. हॉर्स केव्ह या गावाजवळ भर वादळात, विजा कडाडत असताना, पाण्यात बसून त्याने हे काम केले. तेव्हापासून त्याला 'लाइटनिंग' हे टोपणनाव पडले. तारेला पहारा नव्हता. मैलोन्मैल उघड्यावर पसरलेल्या खांबांना पहारा देणार तरी कोण?

४/२२
एल्सवर्थची खरी करामत मात्र ऐकण्यात नव्हती. मोर्सच्या खटक्यांची प्रत्येक तारबाबूची लय वेगळी असे. हस्ताक्षरासारखाच तो 'हात' ओळखून पलीकडचा माणूस कोण आहे हे जाणते तारबाबू सांगू शकत. त्या काळी ओळख पटवण्याचे खात्रीचे म्हणावे असे साधन तेवढेच होते. मिडवे स्थानक ताब्यात आल्यावर एल्सवर्थने तिथल्या तारबाबूची लय उचलली आणि त्याच्या नावाने लेक्सिंग्टनला मॉर्गनच्या हालचालींविषयी खोट्या बातम्या धाडल्या. शत्रूची दिशाभूल झाली. तारेच्या टोकाशी कोण बसला आहे हे तारेला कधीच कळत नाही, हा धडा त्या वर्षी पहिल्यांदा ठळकपणे मिळाला. पुढची दीडशे वर्षे हा एकच प्रश्न नव्या नव्या रूपांत परत येत राहिला.

५/२२
युद्धाबाहेरही आकडे पडू लागले. कॅलिफोर्नियाने १८६२ मध्येच तारसंदेश चोरण्याविरुद्ध कायदा केला होता. १८६४ मध्ये डी. सी. विल्यम्स नावाचा माजी शेअर दलाल त्याखाली दोषी ठरला. कंपन्यांच्या तारांवरील व्यापारी बातम्या ऐकून त्या शेअर बाजारातील लोकांना विकायच्या, असा त्याचा उद्योग होता. येथे समाजाने काय निवडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. तारेला कुलूप घालणे त्या काळच्या तंत्राला शक्य नव्हते. म्हणून कुलपाची जागा शिक्षेच्या भयाने घेतली. तार उघडी, पण तिला हात लावणे गुन्हा.

६/२२
हिंदुस्थानातही हेच घडले. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर पहिली प्रायोगिक तार उभारली गेली आणि १८५७ च्या उठावात तारा तोडणे हे लढाईचे अंगच बनले. पुढे १८८५ चा भारतीय तार अधिनियम आला. त्याच्या कलम २५ मध्ये संदेश अडवण्याच्या किंवा त्यातील मजकूर जाणून घेण्याच्या हेतूने तारेचे नुकसान करणे, ती काढणे, तिच्याशी छेडछाड करणे एवढ्यावर न थांबता तिला 'स्पर्श' करणेही गुन्हा ठरवले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. स्पर्शालाही गुन्हा मानणारा हा कायदा तारेच्या असहायतेची जणू कबुलीच देतो. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम संमत केला तो थेट २०२३ मध्ये.

७/२२
टेलिफोन आल्यावर तारेच्या मध्येच एक माणूस येऊन बसला. मुंबईत १८८२ मध्ये पहिले एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळी प्रत्येक जोडणी ऑपरेटर हाताने करून देई आणि त्याच्या कानावर संभाषण पडणे अटळ असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा एक माणूस अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करी. आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, अशी कथा सांगितली जाते. कथा कितीही रंगवलेली असो, १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसे एक्स्चेंज सुरूही झाले. तारेच्या मध्यावरचा माणूस यंत्राने हटवला. तारेच्या कडेला लपलेला माणूस मात्र तसाच राहिला.

८/२२
पहिल्या महायुद्धाने आणखी मोठा धक्का दिला. पश्चिम आघाडीवरील खंदकांत टेलिफोनसाठी अनेकदा एकच तार टाकली जाई आणि विजेचा परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. ओल्या मातीतून तो प्रवाह झिरपत दूरवर पसरे. जर्मनांनी जमिनीत खुंट्या रोवून आणि संवेदनशील यंत्रे जोडून तो टिपण्याची केंद्रे उभारली. त्यांना ते 'मोरित्झ' म्हणत. जुलै १९१६ मधील सोमच्या लढाईच्या तोंडावर ला ब्वासेल येथील अशाच केंद्राने ब्रिटिशांचा संदेश पकडला. हल्ला होणार याची कुणकुण त्यामुळे समोरच्या खंदकात पोहोचली. १ जुलै हा ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित दिवस ठरला. त्यामागची कारणे अनेक होती. बोलकी जमीन हे त्यांपैकी एक.

९/२२
या घटनेचा अर्थ गंभीर होता. तारेला हात न लावताही तार ऐकता येते! मग पहारा, शिक्षा, भिंत यांचा उपयोग किती? यावर ब्रिटिश लष्करातील कॅप्टन ए. सी. फुलर यांनी 'फुलरफोन' तयार केला. त्यात तारेवरून जाणारा प्रवाह अत्यंत क्षीण आणि एकसारखा ठेवला जाई. तो ऐकू येण्याजोगा होई तो पलीकडच्या यंत्रात पोहोचल्यावरच. मध्ये कान लावणाऱ्याच्या हाती सहजी काही लागत नसे. संरक्षण तारेभोवती न उभारता तारेवरून जे वाहते त्यातच ते गुंफायचे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. हीच कल्पना सत्तर-ऐंशी वर्षांनी संगणकांच्या जगात परतली.

१०/२२
दरम्यान न्यायालयांत वेगळाच वाद रंगला : घराची हद्द कोठे संपते? सिअॅटलचा माजी पोलीस अधिकारी रॉय ओल्मस्टेड दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूचा मोठा धंदा करत होता. सरकारी माणसांनी त्याच्या घरात पाऊल टाकले नाही. त्यांनी कार्यालयाच्या इमारतीचे तळघर आणि घरांजवळचे रस्ते येथे टेलिफोनच्या तारांना जोडण्या केल्या. १९२८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की, घरात घुसखोरी झालेली नाही, म्हणून घटनेचा भंगही झालेला नाही. भिंतीबाहेरची तार घराचा भाग नव्हे, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचे भिन्न मत पुढे अधिक गाजले : तंत्र बदलते तसे खासगीपणाचे रक्षणही बदलले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

११/२२
ब्रँडाइस यांचा विचार १९६७ मधील कॅट्झ खटल्यात विजयी झाला. संरक्षण जागेला नसून माणसाला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. भारतात १९७२ मध्ये मुंबईतील एका लाच प्रकरणात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, टेलिफोनला जोडलेल्या ध्वनिमुद्रकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचे कलम २५ मोडले गेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९९६ च्या पीयूसीएल निकालात टेलिफोनवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानून सरकारी टॅपिंगवर बंधने घालण्यात आली. कायदा असा एकेक पाऊल पुढे सरकत असताना तारेवर मात्र माणसांऐवजी संगणक बोलू लागले होते.

१२/२२
२२ मे १९७३. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले. त्यात एका सामाईक तारेवर अनेक संगणक जोडण्याची योजना होती आणि तिचे नाव 'ईथरनेट'. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी 'ईथर' असते, ही एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाची मोडीत निघालेली कल्पना. नाव तिच्यावरून घेतलेले. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती योजना साकार केली. रचना साधी होती : एक यंत्र बोलते, तारेवरील सर्व यंत्रांपर्यंत ते पोहोचते, ज्याच्या नावाचे असेल ते घेते आणि इतर सोडून देतात. म्हणजे दुसऱ्याचे पत्र न वाचणे हे सर्वस्वी यंत्राच्या सभ्यतेवर सोपवलेले होते.

१३/२२
१९८० च्या दशकातील प्रमाणित ईथरनेटची तार जाड आणि बहुधा पिवळी असे. एका सलग तारेची कमाल लांबी ५०० मीटर, तिच्यावर दर २.५ मीटरला खूण आणि अशा जागी जास्तीत जास्त १०० जोडण्या. जोडणीची रीत तर नावातच आली आहे : 'व्हॅम्पायर टॅप', म्हणजे रक्तपिपासू सुळा. तारेचे आवरण भेदून एक टोक आतल्या तांब्याला टेकवायचे. जाळे चालू असतानाच हे करता येई. इतरांना खबरही लागत नसे. एल्सवर्थने जे चोरून केले तीच आता नवा संगणक जोडण्याची अधिकृत पद्धत झाली होती. आकडा हाच दरवाजा बनला.

१४/२२
हे रचनाकार निष्काळजी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एका इमारतीतले, एकमेकांना ओळखणारे संशोधक ती तार वापरत होते. आत येणाऱ्याची चौकशी इमारतीच्या दारातच झालेली असे. म्हणून तारेने पुन्हा विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. कुलूप तारेला नव्हते. ते भिंतीला होते. अडचण अशी की, तंत्र इमारतीबाहेर पडले तेव्हा त्याबरोबर भिंत गेली नाही. ईथरनेट विद्यापीठांत, कार्यालयांत, वसतिगृहांत पोहोचले. तेथे भिंतीच्या आत असलेला प्रत्येक जण विश्वासातला नव्हता.

१५/२२
फेब्रुवारी १९९४ मध्ये याची किंमत जगासमोर आली. संगणक-आपत्तींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतील सर्ट या केंद्राने इशारा दिला की, घुसखोर जाळ्यावर कान लावून हजारो यंत्रांचे पासवर्ड गोळा करत आहेत. कारण सोपे होते. पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात होते आणि नेटवर्क कार्डाला 'सगळेच ऐक' असे सांगता येत होते. सभ्यता संपली की संरक्षणही संपत होते. पुढच्याच वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डचोरी झाली. त्यानंतर तेथील संशोधक ताटू युलोनेन यांनी एसएसएच ही कूटबद्ध संपर्काची पद्धत तयार केली. फुलरफोनचीच ही वारसदार : तार कोणीही ऐको, हाती काही लागू नये.

१६/२२
तारेची रचनाही बदलत होती. १९९० मध्ये दुपेडी पिळाच्या साध्या तारा वापरणारे ईथरनेट प्रमाणित झाले. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार मध्यवर्ती पेटीत येऊ लागली. आजच्या घरगुती राऊटरची बांधणी त्यातूनच आली. त्याच वर्षी 'कल्पना' या आपल्या ओळखीच्या नावाच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने पहिला ईथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच लक्षात ठेवी आणि संदेश फक्त त्याच पोर्टवर पाठवी. वेग वाढला आणि जाता जाता चोरट्या कानांनाही आडकाठी झाली. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

१७/२२
परंतु स्विच हा पोस्टमन होता, दरवान नव्हता. पत्र योग्य दारी देणे एवढेच त्याचे काम. दारामागे कोण राहतो, हे तो विचारत नसे. त्याची स्मरणयादी खोट्या पत्त्यांनी भरून टाकली तर अनेक स्विच गोंधळून सर्वांनाच सर्व काही ऐकवू लागत. आणि यंत्राचा पत्ता, ज्याला मॅक पत्ता म्हणतात, तो तर घटकाभरात बदलता येतो. मिडवेच्या तारबाबूचा 'हात' उचलायला एल्सवर्थला कसब लागले होते. मॅक पत्ता उचलायला तेवढेही लागत नाही. लॅपटॉप स्वस्त झाले तसा सभागृहातील, ग्रंथालयातील, वसतिगृहाच्या खोलीतील भिंतीवरचा प्रत्येक सॉकेट हा एक उघडा दरवाजा ठरू लागला.

१८/२२
याच सुमारास बिनतारी जाळे आले आणि इतिहासाने एक गंमत केली. १९९७ च्या वाय-फाय प्रमाणातील संरक्षणपद्धतीचे नाव होते वेप. त्याचा विस्तार केला तर अर्थ निघतो 'तारेच्या तोडीचा खासगीपणा'. म्हणजे तार हा सुरक्षिततेचा मापदंडच मानला गेला होता! एल्सवर्थ, ओल्मस्टेड, १९९४ चा इशारा, एवढे सारे होऊनही. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या गणितज्ञांनी वेपच्या कूटपद्धतीतील दोष दाखवला आणि ते कुलूप तुटले. त्यानंतर हवेतील दरवाजाची कुलुपे दर काही वर्षांनी मजबूत होत गेली. घरातील तार मात्र 'मुळातच सुरक्षित' या जुन्या समजुतीच्या आडोशाला तशीच राहिली. पहिल्या पोस्टमधील विसंगतीचा उगम येथे आहे.

१९/२२
तारेचे खरे कुलूप २००१ मध्येच तयार झाले. त्याचे रूक्ष नाव ८०२.१एक्स. त्याचे काम दरवानाचे. पोर्टमध्ये तार खोचली की स्विच फक्त ओळखीची बोलणी पुढे जाऊ देतो. बाकी सर्व वाट बंद. यंत्राने दिलेली ओळख तो मागे बसलेल्या एका नोंदवहीवाल्या सर्व्हरकडे पडताळून घेतो. होकार आला तरच पोर्ट उघडतो. प्रश्न तोच, जो मिडवेला कोणी विचारू शकले नव्हते : तारेच्या टोकाशी कोण आहे? तारेच्या पोर्टसाठी घडवलेले हे कुलूप मोठ्या कार्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या वाय-फायवर अधिक रुळले, हा आणखी एक विरोधाभास.

२०/२२
या कुलपालाही फट होती. दरवान ओळख विचारी ती फक्त दारात. घुसखोराने अधिकृत यंत्र आणि स्विच यांच्यामध्ये एक साधी जोडपेटी बसवली आणि अधिकृत यंत्राला ओळख देऊ दिली, तर उघडलेल्या दारातून त्याच मॅक पत्त्याने तोही आत शिरू शके. २००५ च्या सुमारास या दोषाची जाहीर चर्चा झाली. २००६ मध्ये मॅकसेक हे प्रमाण आले. त्यात तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर कूटमुद्रा उमटते. २०१० मध्ये ८०२.१एक्सशी त्याची सांगड घातली गेली. दारात एकदा ओळख विचारून भागत नाही, वाटेवर प्रत्येक पावलाला ती दाखवावी लागते, इथपर्यंत हा विचार पोहोचला.

२१/२२
मग ही सोय बहुतांश घरगुती राऊटरांत का नसते? कारण वेगळा सर्व्हर, प्रत्येक यंत्राची नोंद, टीव्ही-प्रिंटरसारख्या मुक्या उपकरणांची अडचण हे सारे एका कुटुंबाला न पेलणारे. घराची भिंत हेच कुलूप, हा जुना करार तेथे अजून चालू आहे. पण आता तार भिंतीबाहेरही जाते : फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत, गच्चीपर्यंत, भाड्याने दिलेल्या खोलीपर्यंत. बाहेरचा कॅमेरा काढून त्याच तारेला लॅपटॉप जोडणारा माणूस घरात पाऊल न टाकता घराच्या जाळ्यात येतो. ओल्मस्टेड खटल्यातला हद्दीचा प्रश्न आता दारातल्या कॅमेऱ्यापाशी येऊन थांबला आहे. आणि अशा जोडणीवरून काही गैरकृत्य घडले, तर तपास प्रथम पोहोचतो तो जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे.

२२/२२
इतिहासातून निघणारे उपाय साधे आहेत. राऊटर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी नसावा. मागची सूक्ष्म रीसेट-कळ दाबून कोणीही सारी व्यवस्था पुसू शकतो. न वापरलेले पोर्ट बंद करण्याची सोय असल्यास ते बंद करावेत. घराबाहेर जाणाऱ्या तारेला आतल्या जाळ्यापासून वेगळा कप्पा द्यावा. राऊटरच्या तळाशी छापलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि जोडलेल्या यंत्रांची यादी अधूनमधून पाहावी. मॅक पत्त्यांच्या यादीवर विसंबू नये. तो 'हात' कोणीही उचलतो. परवानगीविना दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे आणि लबाडीच्या हेतूने केल्यास कलम ६६ खाली गुन्हाही आहे. पण १८६२ पासून दिसते तेच की, कायदा चोरी झाल्यावर धावून येतो. दाराशी उभे राहण्याचे काम घरमालकालाच करावे लागते. केंटकीच्या पावसात बसलेल्या त्या तारबाबूला कोणीही 'तू कोण?' असे विचारले नव्हते. घरातल्या राऊटरचा उघडा पोर्टही ते अजून विचारत नाही.